आठवीनंतर आमची मुले कुठे जातात?

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे मंडळात बाबासाहेबांनी सरकारला जाब विचारला होता. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरांत जमा होतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्या वेळी ते परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. तिथून प्रभादेवी हाकेच्या अंतरावर.

आज पहिलीत बहुतेक मुले जातात. १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा कायदा आहे. पण हा हक्क नेमका आठवीच्या दारात संपतो. महापालिकेच्या अनेक शाळांत पुढचे वर्गच नाहीत. नवी शाळा शोधा, दाखले काढा, फी भरा. सरकार याला 'गळती' म्हणते. आम्ही याला हकालपट्टी म्हणतो!

प्रभादेवीत या दुखण्याचे मूळ जुने आहे. विटाळाच्या नावाखाली गिरण्यांच्या जादा पगाराच्या विणखात्यात अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. म्हणून आमच्या घरात गाठीला पैसा साठला नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा मोडायला दागिनाही नव्हता. अशा घरात आई धुण्याभांड्याला जाते, थोरला कामाला लागतो, थोरली धाकट्यांना सांभाळते. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, पण टॉवरमध्ये भांडी घासणाऱ्या आईच्या लेकीचा प्रश्न तोच राहिला. त्यात २०१६ च्या दुरुस्तीनेही शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मुलांना राबवणे कायदेशीरच ठेवले. या देशात घरचा धंदा म्हणजे बहुधा जातीचा धंदा, हे आम्ही सांगायला नको.

मात्र व्यवस्थेला शिव्या देऊन आमची जबाबदारी संपत नाही. जयंतीला डीजेसाठी वर्गणी निघते, मग मुलांच्या वह्यांसाठी का निघू नये? प्रत्येक विहाराने आणि मंडळाने जूनपूर्वी आपल्या चाळीतील, वस्तीतील आठवी झालेल्या मुलामुलींची यादी करावी. नववीत नाव घातले का? नसेल तर काय अडले? दाखला अडला असेल तर कार्यकर्त्याने खेटे घालावेत. धाकट्या भावंडांमुळे मुलगी घरी बसली असेल तर विहार दिवसा उघडा ठेवून ती भावंडे सांभाळावीत. आणि पालिकेची प्रत्येक शाळा दहावीपर्यंत करा, ही मागणी घेऊन जी-दक्षिण कार्यालयावर धडकावे.

बाबासाहेबांनी सरकारकडे ८२ मुलांचा हिशेब मागितला. आपल्या गल्लीतल्या मुलांचा हिशेब आपल्याकडे आहे काय?