कॉफीचा कप आणि प्रेशरची गोळी

मैत्रिणींनो, शाळेच्या मधल्या सुट्टीत आम्हा शिक्षिकांच्या गप्पांत घराघरांतली दुखणी निघतात. परवा एक बाई मोठ्या समाधानाने म्हणाल्या, "यजमानांचं प्रेशर एकशे पन्नास-शहाण्णव निघालं होतं. सासूबाईंनी कॉफीच बंद करून टाकली. आता गोळीही सोडली त्यांनी." माझ्या तर पोटात गोळाच आला! कॉफी बंद, ठीक आहे. पण गोळी कुणाला विचारून सोडली?

कॉफीतल्या कॅफिनने रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, हे खरं. सवय नसलेल्या माणसाचं वरचं प्रेशर एका कपाने तासाभरात ५ ते १० अंकांनी चढू शकतं आणि तीन-चार तासांत उतरतं. रोज पिणाऱ्याचं शरीर मात्र सरावतं, त्याला ही वाढ पुष्कळ कमी होते. म्हणजे कायमचं जडलेलं प्रेशर नुसती कॉफी सोडून जाईल, या भरवशावर राहू नये. गोळी चालू असताना आकडा चांगला येतो, तो बहुधा गोळीमुळेच. ती कमी करायची की थांबवायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

तरी कॉफीला मोकळं रान नाही बरं का! जपानमध्ये १८ हजारांहून अधिक माणसांची सुमारे १९ वर्षं नोंद ठेवली होती. ते संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झालं. ज्यांचं प्रेशर १६०/१०० किंवा त्याहून जास्त, त्यांच्यापैकी रोज दोन किंवा अधिक कप घेणाऱ्यांना हृदयविकार-पक्षाघातासारख्या आजारांनी मृत्यू येण्याचा धोका कॉफी न घेणाऱ्यांच्या दुप्पट आढळला. एका कपाने तो वाढलेला दिसला नाही. तेव्हा इतकं चढं प्रेशर असेल, तर फार तर एक कप, तोही डॉक्टरांना विचारून.

घरी प्रेशर मोजायचं यंत्र असेल तर कपाआधी एकदा आणि नंतर तासाभराने एकदा मोजून पाहा. आपल्या माणसाला कॉफी किती बाधते ते कळेल. एरवीचं प्रेशर मोजताना मात्र आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू काही नको. लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं स्वस्थ बसावं. हात छातीच्या पातळीत हवा, आणि तेवढा वेळ गप्पा बंद! (हेच आपल्याला सगळ्यांत जड जातं.)

शिवाय कपाशेजारच्या बशीत काय असतं तेही बघा. खारी, चिवडा, फरसाण! मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी हवं, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. त्यातच लोणचं-पापड आले. सासूबाईंची नजर कॉफीच्या डब्याआधी इथे वळायला हवी होती.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मैत्रिणींच्या शरीरात कॅफिन जास्त वेळ रेंगाळतं. त्या गोळ्यांनीही काहींचं प्रेशर वाढतं, म्हणून ते अधूनमधून तपासून घ्या.

कॉफी कमी करायची झाली तर एकदम तोडू नका. दुसऱ्याच दिवशी डोकं ठणकतं आणि घरात "प्रेशर चढलं" म्हणून धावाधाव! दर तीन-चार दिवसांनी पूड थोडी कमी करा, जायफळ-वेलची तशीच ठेवा.