पोटाचा डॉक्टर शोधताना

‘आमच्या भागात गॅस्ट्रोचा चांगला डॉक्टर कोण?’ ओपीडीत हा प्रश्न नेहमी येतो. विचारणाऱ्या बहुतेकांना त्याची गरज नसते. साधी जळजळ, अपचन, बद्धकोष्ठ यांसाठी फॅमिली डॉक्टर किंवा एमडी मेडिसिन पुरेसे असतात. ज्यांना खरी गरज असते ते मात्र मेडिकलमधून पॅन्टोप्राझोलची पट्टी आणून महिनोन्‌महिने काढतात. त्या गोळीने जळजळ थांबते, पण जठरात कर्करोग असेल तर तोही काही काळ झाकला जातो. घास अडकणे, वजन आपोआप घटणे, कावीळ, न भरून येणारा रक्तक्षय ही लक्षणे असतील तर थांबू नये. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाल्यास तज्ज्ञ शोधत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा.

पाटीवरच्या ‘पोटविकारतज्ज्ञ’ या शब्दाला फार अर्थ नाही. पदवी वाचा. एमडीनंतर तीन वर्षे शिकून मिळते ती गॅस्ट्रोएंटरॉलॉजीतली डीएम किंवा डीआरएनबी (पूर्वीची डीएनबी). याच विषयातली एमसीएच असेल तर ते सर्जन. (दुर्बिणीची तपासणी अनेक जनरल सर्जनही उत्तम करतात, हेही खरे.)

तालुक्याला असा तज्ज्ञ सहसा मिळत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या फिजिशियनची चिठ्ठी घ्या. मुंबईत केईएम, नायर, शीव आणि जेजे रुग्णालयांत या आजारांचे स्वतंत्र विभाग आहेत. जाताना जुने रिपोर्ट न्या आणि गुडघेदुखीच्या गोळ्या घेत असाल तर त्याही दाखवा. अल्सरमधून रक्त जाण्यामागे अनेकदा त्याच असतात.