डाव्या बाजूचा धोका

गळीत हंगाम लागला की कुर्डुवाडीच्या रस्त्यांवर उसाच्या मालमोटारींची आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. शाळकरी मुले व कामगार यांच्या सायकलीही त्याच रस्त्याने जातात. या सायकलस्वारांस आपण एकच धडा देत आलो : डावीकडून चला. धडा खरा, परंतु अपुरा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. मालमोटारीच्या डाव्या अंगास खेटून चाललेली सायकल त्यास बहुधा दिसतच नाही. शिवाय वाहन डावीकडे वळते तेव्हा त्याची मागील चाके पुढील चाकांच्या आतून, कडेस अधिक चिकटून जातात आणि सायकलस्वार चेपला जातो. तेव्हा वळणापाशी डावीकडून पुढे न घुसता मागेच थांबावे. आगगाडीपुढे थांबावे हे या जंक्शनच्या गावास कोणी शिकवावे लागले नाही!

तथापि सारा भार सायकलस्वारावर टाकणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. चालकास पुरेसे दिसत नाही अशा अवजड मालमोटारींस लंडनने २०२१ पासून जादा सुरक्षासाधनांवाचून प्रवेश नाकारला. येथे निदान ट्रॉलीच्या पाठीस लाल परावर्तक तरी हवा. तो नसेल, तर रिकामी ट्रॉली वजनकाट्यावरून परतण्यापूर्वी साखर कारखान्याने तो लावून द्यावा आणि पोलिसांनी रात्री रस्त्यावर त्याची तपासणी करावी.