मेथीला जांभळा दिवा लागत नाही

घरात ट्रेमध्ये भाजी लावायची असेल तर ‘ग्रो लाइट’ म्हणून विकला जाणारा जांभळा दिवा घेऊ नका. चांगला पांढरा एलईडी घ्या आणि त्याच्या खोक्यावर वॅटच्या शेजारी लिहिलेले लुमेन वाचा. माझं मत एवढंच आहे. पण ते सांगितलं की समोरचा माणूस ‘सर, ऑनलाइन तर...’ अशी सुरुवात करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जबलपूरला बदली झाल्यापासून पाहतोय, छावणीतल्या बऱ्याच घरांत हा नाद आहे. कारण समजण्यासारखं आहे. मे महिन्यात इथं पारा ४३-४४ वर जातो, कोथिंबीर उगवत नाही, उगवली तर आठवड्यात फुलावर येते. मग कूलरच्या खोलीत ट्रे आणि वर दिवा. हौस म्हणून ठीक आहे. पण गेल्या महिन्यात सांगलीकडचा एक नाईक माझ्याकडे आला. त्याच्या तुकडीला वर, लडाखात जायचं आहे. पोरांनी वर्गणी काढून तीन जांभळे दिवे मागवायचं ठरवलं होतं, प्रत्येकावर ‘१००० वॅट’ असं छापलेलं. पैसे त्यांच्या खिशातले. म्हणाला, ‘सर, एकदा बघून घ्या.’

आधी त्या १००० वॅटबद्दल. असला दिवा मीटर लावून मोजला तर बहुतेक वेळा शंभर-दीडशे वॅट ओढतो. आकडा असतो ‘इतक्या जुन्या दिव्यांच्या बरोबरीचा’ अशा अर्थाचा, आणि तो अर्थ बारीक अक्षरातही सापडत नाही. ‘३ वॅटचा’ म्हणून मिळणारा एलईडीचा मणीही प्रत्यक्षात निम्म्या-पाऊण ताकदीवरच चालवलेला असतो. ज्या मालावर ओढलेले वॅटही खरे लिहिलेले नाहीत, त्याच्या बाकी दाव्यांवर मी वेळ घालवत नाही.

आता रंगाचं. हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड जास्त शोषतं, हे शाळेत शिकलो ते खरंच आहे. पण ते काचेच्या नळीतल्या अर्काबद्दल. अखंड पान हिरवा उजेडही बराचसा शोषतं आणि वापरतं. मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने १९७२ साली २२ पिकांच्या पानांवर हे मोजून दाखवलं. शिवाय पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा लेप, की झाला पांढरा. ज्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, तोच तुमच्या बैठकीतल्या बल्बात बसलाय. म्हणजे निळा आहे, लेपामुळे हिरवा आणि लालही आहे. पालेभाजीला आणखी काही नको. आणि पांढऱ्या उजेडात पानावरचा मावा दिसतो, पिवळेपणा दिसतो. जांभळ्यात सगळंच काळं.

ता.क. इथेच टाकतो: चांगल्या कंपनीचा ६६० नॅनोमीटरचा लाल एलईडी दर वॅटला पांढऱ्यापेक्षा जास्त कण देतो, हे मला माहीत आहे. ज्यांना सोल्डरिंग येतं आणि चांगला ड्रायव्हर परवडतो त्यांनी तो पांढऱ्यात मिसळावा. बाजारात पाचशे रुपयांना मिळतो तो हा नव्हे.

तर हिशेब. दोन फूट बाय दोन फूट ट्रे धरा. मेथी, पालक, कोथिंबीर यांना दिवसाला सोळा तास साधारण तेरा-चौदा हजार लक्स पुरतात. दुपारच्या उन्हात एक लाख लक्स असतात आणि रात्री ट्यूबखाली आपण पेपर वाचतो तिथं दोन-तीनशे. डोळा फसतो, म्हणून ‘खोलीत उजेड भरपूर आहे’ या वाक्याला अर्थ नाही. फोनमधलं लक्स मोजायचं फुकट ॲप अगदी अचूक नसतं, पण पांढऱ्या उजेडाला अंदाजापुरतं चालतं. एवढ्या ट्रेला सुमारे ५००० लुमेन लागतात. म्हणजे १० वॅटच्या, दोन फुटी पाच बॅटन ट्यूब, पानांपासून वीतभर उंचीवर. एकूण ५० वॅट. दिवसाला ०.८ युनिट, महिन्याला २४. सात रुपये युनिट धरलं तर १७० रुपये.

हे दर वॅटला १०० लुमेन देणाऱ्या साध्या मालाचं झालं. दर वॅटला १५० देणारी चांगली पट्टी घेतली तर ३३ वॅटमध्ये काम भागतं. वर्षभर चालवली तर जवळजवळ १०० युनिट, म्हणजे सातशे रुपये वाचतात. पण जबलपूरला हिवाळ्यात गच्चीवर ऊन फुकट आहे. दिवा चालणार उन्हाळ्याचे चार महिने, बचत सव्वादोनशे. त्यासाठी हजार रुपये जादा टाकण्यात शहाणपणा नाही. इथं साधी बॅटनच स्वस्त. २०१४ साली सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब पुढच्या दोन-तीन वर्षांत चाळीसच्या आत आला, त्याचा फायदा आपण घ्यायचा.

वर मात्र उलट. चौकीवर वीज जनरेटरची, लिटरमागे फार तर तीन युनिट, उंचीवर त्याहूनही कमी. ते १०० युनिट म्हणजे तीसेक लिटर डिझेल, आणि ते डिझेल कोणीतरी घाट चढवून आणलेलं असतं. मी तिथं हिवाळा काढलाय. रस्ता बंद झाल्यावर डब्यातल्या भाजीची चव तिसऱ्या महिन्यात कशी लागते ते वेगळं सांगायला नको, आणि चार हिरव्या पानांनी लंगरमध्ये काय फरक पडतो तेही. म्हणून तिथं सर्वांत महाग, सर्वांत जास्त लुमेन देणारी चिपच घ्यावी. काहीजण म्हणतात, दिव्याची उष्णता वाया जात नाही, खोकं ऊबदार राहतं. बरोबर आहे. पण जनरेटरमार्गे ऊब घेणं म्हणजे बुखारीत टाकायचं इंधन आधी इंजिनात जाळून त्यातलं एक चतुर्थांश वापरणं.

आपल्या खात्यात एल-वनची सवय अंगात मुरलेली असते: सर्वांत कमी बोली तीच चांगली. पण १२६ लढाऊ विमानांच्या निविदेत सुद्धा नुसती खरेदीची किंमत न पाहता आयुष्यभराचा खर्च धरून २०१२ मध्ये राफेलला एल-वन ठरवलं होतं. (पुढे तो सौदा झाला नाही, ती गोष्ट वेगळी.) विमानाला जो नियम लावतो तो दिव्याला लावायला काय हरकत आहे?

नाईकाला मी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, व्हिडिओत दाखवतात तसा बल्बचा पांढरा घुमट काढायचा नाही. उजेड थोडा वाढतो हे खरं, पण स्वस्त बल्बचा ड्रायव्हर मेनपासून वेगळा केलेला नसतो, आतल्या प्लेटवर थेट २३० व्होल्ट येऊ शकतात, आणि खाली पाण्याचा ट्रे. दोन, दिवा विकत घेण्याआधी मटकी भिजत घाला. मोडाला उजेड लागत नाही, तीन दिवसांत ताजं खायला मिळतं. बंकरमध्ये फक्त ऊब सांभाळायची. हरितगृहाचं वेड असेल तर लेहला डीआरडीओची डिहार ही प्रयोगशाळा आहे, १९६२ पासून याच कामात. जमिनीत खणलेल्या खंदकावर प्लास्टिक ताणून भाजी कशी घ्यायची ते तिथं पाहून यावं. लडाखात ऊन मुबलक आहे, कमी आहे ती ऊब. दिव्यापेक्षा खंदक कधीही स्वस्त.

पोरांनी तीनऐवजी एकच दिवा घ्यायचं ठरवलंय, पांढरा, ३५ वॅटचा, दर वॅटला दीडशेच्या वर लुमेनचा. उरलेल्या वर्गणीतून मटकी, मूग आणि मेथीचं बी घेतलं. बियांचं पोतं मी पाहिलं. एका चौकीला तीन हिवाळे पुरेल.