चक्की फिरत राहिली पाहिजे



आमची नात सुट्टीत मामाकडे गेली होती, तिथून औरंगाबादची (आताच्या छत्रपती संभाजीनगरची) पाणचक्की पाहून आली. घरात पाऊल टाकताच विचारले, “नाना, वीज नाही, बैल नाही, मग ते जाते फिरते कसे?”

खोपोलीच्या लेकराला याचे उत्तर द्यायला पुस्तक लागत नाही. मी तिला गच्चीवर नेले आणि घाटाकडे बोट दाखवले. लोणावळा, वळवण, शिरोटा इथल्या तलावांचे पाणी मोठ्या नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली येते आणि आपल्या टाटांच्या वीजकेंद्रातली चाके फिरवते. १९१५ पासून हे चालू आहे. पाणचक्कीही पडत्या पाण्याच्याच जोरावर फिरते, फक्त ती आपल्या केंद्राहून एकशे सत्तर वर्षांनी थोरली आहे!

बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांची ही खानकाह. त्यांच्या पश्चात त्यांचे शिष्य बाबा शाह महमूद यांनी ती सांभाळली. तिथे फकीर, मुसाफिर, तालिब-ए-इल्म यांची सदैव वर्दळ असे. एवढ्या माणसांचे पीठ हाताच्या जात्यावर दळायचे तर किती हात लागतील? म्हणून १७४४ च्या सुमारास निजामुल्मुल्क आसफजाह यांच्या पदरी असलेले सरदार तुर्कताज खान यांनी ही चक्की बसवली.

तिची खरी करामत जमिनीखाली आहे. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांतले पाणी मातीच्या नळांतून, काही किलोमीटर दूरवरून, नुसत्या उताराने आणले आहे. नळांत हवा कोंडून पाणी अडू नये म्हणून वाटेत ठिकठिकाणी उंच खांब बांधले आहेत. शेवटी पाणी एका उंच भिंतीत चढते आणि तिथून धबधब्यासारखे हौदात पडते. चक्कीकडे वळवलेले पाणी खालच्या आडव्या चाकाच्या लोखंडी पात्यांवर आदळते. चाकाचा उभा दांडा फिरला की वर जात्याचा दगड फिरतो. मोठ्या हौदाच्या खाली ऐसपैस दालन आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळे ते भर उन्हाळ्यातही थंड राहते. थकलेल्या मुसाफिरांचा विचार तिथेही केलेला आहे.

जवळपास त्याच काळात, १७४० च्या आसपास, हॉलंडमध्ये किंडरडाइक या गावी सखल जमिनीतले पाणी उपसायला पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यातल्या एकोणीस आजही आहेत, आणि १९९७ मध्ये त्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. वाफेची आणि विजेची यंत्रे आली तशा त्या देशातल्या हजारो चक्क्या पाडल्या गेल्या. तेव्हा १९२३ मध्ये लोकांनी त्या वाचवण्यासाठी संस्था काढली. पुढे त्यांच्या लक्षात आले की नुसती डागडुजी पुरत नाही, कारण बंद पडलेल्या चक्कीचे लाकूड कुजते आणि ती चालवण्याचे ज्ञान माणसाबरोबर कबरीत जाते. म्हणून १९७२ मध्ये हौशी चक्कीवाल्यांचा संघ झाला. शिक्षक, कारकून, निवृत्त माणसे रीतसर शिकून, परीक्षा देऊन चक्क्या फिरवू लागली. २०१७ मध्ये युनेस्कोने चक्कीवाल्याच्या या कसबालाच मानवजातीचा वारसा मानले.

आपल्या पाणचक्कीलाही हेच लागू आहे. हौदाची, भिंतीची डागडुजी सर्वांच्या डोळ्यांना दिसते. पण चक्कीचा जीव नहरीत आहे, आणि नहर कुणाला दिसत नाही. तिच्या वाटेवर वस्ती वाढली आहे. कुठे खोदकाम होते, कुठे झाडाची मुळे नळात शिरतात. एक नळ फुटला तर काही किलोमीटरवरचे चाक थबकते. आवारात महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालय आहे, पण इतक्या लांब नहरीची राखण एकट्या कचेरीने होणार नाही. तिच्यावर घरे बांधून राहणाऱ्यांना ती आपली वाटली, तरच ती टिकेल.

कुणी पाणी वाहते करून जातो, तेव्हा लोक त्याला सदका-ए-जारिया म्हणतात. जारिया म्हणजे चालू राहणारा. तो चालू ठेवणे मात्र मागे राहिलेल्यांच्या हाती असते.

तेव्हा पाणचक्कीला गेलात तर हौदापाशी फोटो जरूर काढा. मग मुलांना त्या उंच भिंतीपाशी न्या आणि विचारा, “हे पाणी कुठून येते, सांगा पाहू?”