हाताचा एक्स-रे काढताना

मराठीत 'हात' हा शब्द फार ऐसपैस आहे. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सारा हातच! एक्स-रेच्या खोलीत मात्र एवढ्या सैल शब्दाने भागत नाही. बोटे, पंजा, मनगट, कोपर यांचे एक्स-रे निरनिराळे काढले जातात. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीत नेमकी जागा आणि उजवा की डावा हे लिहिले आहे ना, ते पाहून घ्यावे. जेथे दुखते तेथे बोट ठेवून तंत्रज्ञासही दाखवावे.

हे आग्रहाने सांगण्यास कारण आहे. दुकानातील शिडीवरून तोल गेला की माणूस सहजच तळहात टेकवतो. सारा भार मनगटावर येतो आणि तेथील आठ लहान हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे, नावेच्या आकाराचे 'स्कॅफॉइड' हे हाड मोडू शकते. सूज बेताची असते, बोटेही हलतात. मग 'मुरगळले असेल' म्हणत लेप लावून गृहस्थ पुन्हा गल्ल्यावर बसतात. या हाडाची बारीक चीर पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत कधी कधी दिसतच नाही. अंगठा ताणला असता त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तेथे दाबल्यावर दुखत असेल, तर अहवाल 'नॉर्मल' असूनही डॉक्टर मनगट पट्टीने किंवा प्लास्टरने स्थिर ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावयास सांगतात. क्वचित एमआरआय सुचवतात. आपल्या व्यापारी मंडळींना हा दुहेरी खर्च वाटतो. तो टाळू नये. या हाडाला रक्त मुख्यत्वे एकाच टोकाकडून मिळते. उपचार राहून गेले तर हाड जुळत नाही, त्याचा काही भाग रक्ताविना मृत होऊ शकतो आणि मनगट कायमचे दुखरे होते. मग शस्त्रक्रियेचा खर्च येतो, तो वेगळाच.

किरणांची भीती मात्र अनाठायी आहे. हाताच्या एका एक्स-रेत मिळणारा किरणोत्सर्ग हा निसर्गातून आपल्याला काही तासांत मिळतो, तेवढाच असतो. तरीही गर्भवती स्त्रीने तसे आधी सांगावे.

अंगठ्या आणि बांगड्या सूज चढण्यापूर्वी, शक्यतो घरीच उतरवाव्यात. धातूआड हाड झाकले जाते. १८९५ साली रॉन्टजेन यांनी पत्नीच्या हाताचे जे प्रसिद्ध क्ष-किरण छायाचित्र घेतले, त्यात बोटातील अंगठी ठळक उमटली आहे! बांगडी फुटून काच रुतली असेल, तर ती बहुधा एक्स-रेत दिसते. लाकडाची कुसळ सहसा दिसत नाही, म्हणून काय रुतले ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

फिल्म आणि अहवाल दोन्ही मागून घ्यावेत आणि ठेवपावतीइतक्याच काळजीने जपावेत. मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या छायाचित्रात बारीक चीर हरवून जाते. पुढील भेटीस जाताना जुनी फिल्म बरोबर न्यावी. डॉक्टर दोन्ही शेजारी धरून पाहतात.