मातीची कैफियत पडद्यावर मांडणारा लेखक



वळवाचा पहिला दणका बसला की ओढ्याचे पाणी गढूळ होऊन धावू लागते. त्या पाण्यात कोणाच्या तरी शेताचा वरचा कसदार थर चाललेला असतो. हे आपण दरसाल पाहतो, म्हणूनच त्याचे काही वाटेनासे होते. नजरेला सवय झालेली गोष्ट माणसाला पुन्हा नीट पाहायला लावणे सोपे नसते. अमेरिकेत पेअर लॉरेंट्झ नावाच्या लेखकाने ते करून दाखवले. त्याची हकीगत आज सांगतो.

लॉरेंट्झचा जन्म १९०५ सालचा, वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ राज्यातला. तरुणपणी तो न्यूयॉर्कला गेला आणि नियतकालिकांतून चित्रपटांची परीक्षणे लिहू लागला. १९३० साली मॉरिस अर्न्स्ट या वकिलाबरोबर त्याने चित्रपटांच्या सेन्सॉरवर पुस्तक लिहिले. १९३४ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारभाराच्या पहिल्या वर्षाचे छायाचित्रांचे पुस्तक काढले. तोवर त्याने स्वतः एकही चित्रपट केला नव्हता.

त्या काळात अमेरिकेच्या मध्यभागातील मोठ्या माळरानांवर अरिष्ट आले होते. कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, कोलोरॅडो या राज्यांतला तो कमी पावसाचा, वाऱ्याचा मुलूख. तिथल्या गवताच्या मुळांनी माती धरून ठेवली होती. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले, पुढे ट्रॅक्टर आले आणि लक्षावधी एकर कुरणे नांगराखाली गेली. युद्ध संपल्यावर भाव पडले. १९३१ पासून पावसाने दगा दिला आणि मोकळी पडलेली माती वाऱ्यावर उडाली. १४ एप्रिल १९३५ रोजी इतके काळेकुट्ट धुळीचे वादळ आले की दिवसाउजेडी हातभरावरचे दिसेना. घरदार सोडून हजारो कुटुंबे कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली.

अशा नागवलेल्या शेतकऱ्यांसाठी सरकारने १९३५ साली पुनर्वसनाचे खाते उघडले. त्या खात्याने माहितीपटाचे काम लॉरेंट्झकडे सोपवले. मंजुरी होती सहा हजार डॉलरची. खर्च गेला एकोणीस हजारांवर, आणि काही पदरमोड त्याला स्वतःला करावी लागली. कॅमेरावाल्यांशी कथेवरून खटके उडाले. हॉलिवूडच्या कंपन्या जुनी चित्रफीत विकत द्यायलाही तयार होईनात, तेव्हा किंग व्हिडॉर या दिग्दर्शकाने मदत केली. १९३६ साली चित्रपट पुरा झाला. नाव 'द प्लाऊ दॅट ब्रोक द प्लेन्स', म्हणजे माळराने मोडणारा नांगर. मोठ्या वितरकांनी तो नाकारला. न्यूयॉर्कच्या रियाल्टो चित्रपटगृहाने तो लावला आणि मग इतरांनीही मागितला.

या चित्रपटात आधी गवत दिसते, मग गुरे, मग नांगर. रणगाडे आणि ट्रॅक्टर पाठोपाठ धावताना दाखवून, युद्धाने गव्हाची हाव कशी वाढवली ते लॉरेंट्झने सांगितले. त्याने शेतकऱ्याला खुळा ठरवले नाही. चढ्या भावाने माणूस कसा ओढला जातो, ते त्याने दाखवले. तरीही माळरानांच्या राज्यांतल्या पुढाऱ्यांना आपल्या मुलखाची बदनामी झाल्यासारखे वाटले आणि काही वर्षांनी सरकारने तो चित्रपट वितरणातून काढून घेतला. खरे बोलणाऱ्याला ही किंमत द्यावी लागते.

दुसरा चित्रपट 'द रिव्हर' मिसिसिपी नदीचा. १९३७ च्या जानेवारीत चित्रीकरण आटोपत आले होते, तोच ओहायो नदीला महापूर आला. लॉरेंट्झने आपली माणसे थेट पुरात पाठवली. अर्ध्या तासाच्या या चित्रपटात त्याने पुराचे मूळ डोंगरावर नेऊन दाखवले. वरची झाडे तोडली, उतारावर वर्षानुवर्षे कपाशी घेतली, माती उघडी पडली. थेंब थेंब पाण्याचे ओहोळ झाले, ओहोळांच्या घळी झाल्या आणि पूर खालच्या गावांत शिरला. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात 'माथा ते पायथा' म्हणतात, तेच त्याने पडद्यावर मांडले. निवेदनात नद्यांची नावे एकामागून एक येतात आणि ती ऐकताना सारे खोरे डोळ्यांपुढे उभे राहते. १९३८ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला पारितोषिक मिळाले आणि निवेदनाचे पुस्तकही निघाले.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. शेवटी चित्रपट टेनेसी खोऱ्यातील धरणांचे गुण गातो. त्याच धरणांसाठी हजारो कुटुंबांना जमिनी सोडाव्या लागल्या, त्यांची बाजू त्यात येत नाही. धरणग्रस्तांचे दुःख जाणणाऱ्या आपल्या वाचकांच्या हे लगेच ध्यानात येईल. सरकारच्या पैशाने काढलेला चित्रपट खरा असला, तरी तो पुरा असेलच असे नाही.

१९३८ साली सरकारने चित्रपटांचे स्वतंत्र खातेच काढून लॉरेंट्झला त्याचे प्रमुख केले. पण लोकप्रतिनिधींनी पैसा तोडला आणि १९४० साली ते बंद पडले. त्याच वर्षी गरीब घरांतील बाळंतपणावरचा त्याचा 'द फाइट फॉर लाइफ' आला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना हवाई मार्ग समजावणारे चित्रपट त्याने केले आणि नंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यावरच्या चित्रपटाचे काम पाहिले. १९९२ साली तो वारला. त्याच वर्षी त्याच्या आठवणींचे व संहितांचे पुस्तक निघाले.

त्याची कारकीर्द पाहून मला एक वाटते. आम्ही खात्याची माणसे उताराला आडवी नांगरट करा, बांध घाला, असे सांगत राहतो. पण मातीचे जाणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सांगणे मनात उतरत नाही. त्यासाठी कॅमेराच हवा असे नाही. येत्या पावसात ओढ्याचे गढूळ पाणी काचेच्या बाटलीत भरा आणि रात्रभर फळीवर ठेवा. सकाळी तळाशी बसलेला गाळ मुलाबाळांना दाखवा. हा कोणाच्या रानातला, असे कोणी विचारले तर सगळ्यांनी मिळून उताराच्या वरच्या टोकापर्यंत चालत जा. मोडलेला बांध वाटेतच दिसेल.